बावीस उभ्या

अमळनेरला बोरीच्या पुलाकडे उतरताना
डाव्या हाताला गाद्यांचं दुकान आहे
आणि आत, उशांच्या थप्पीमागे,
रॅकेटला तार लावायचं यंत्र.
पाटी गादीचीच.
ज्याला माहीत आहे तो रॅकेट घेऊन येतो.

गफूरभाईंचे आजोबा दारोदार कापूस पिंजायचे.
त्यांची धुनकी अजून खुंटीवर आहे,
तात उतरवून ठेवलेली.
काम नसताना कमानीवर ताण ठेवू नये,
लाकूड वाकडेपणा लक्षात ठेवतं, असं ते म्हणत.
गफूरभाई कार्बनबद्दलही तेच म्हणतात.

मी आठवीत असताना पहिल्यांदा रॅकेट पुढे ठेवली
तर तारांना त्यांनी हातच लावला नाही.
नखाने कडेकडेने टकटक करत गेले,
टरबूज घेताना करतात तसं,
कान खाली करून.
कुठे आवाज बसका आला असता
तर परत दिली असती. दुप्पट पैसे दिले तरी.

मग कातर. मधून सुरुवात,
आणि चारी बाजूंना थोडं थोडं,
एकच बाजू मोकळी झाली
तर दुसरी फ्रेमला आपल्याकडे ओढते म्हणून.
भोकांतल्या चिरलेल्या नळ्या बदलल्या.
जिथे तार अडली तिथे टोच्या घुसवला नाही,
टोक तिरकं कापून, जरा मेण लावून
सरकेपर्यंत थांबले.

यंत्र फ्रेमला सहा ठिकाणी धरतं.
धरायचं, आवळायचं नाही,
म्हणून शेवटचा स्क्रू ते
पाव फेरा उलटा फिरवायचे.

उभ्या बावीस.
मधल्या दोन आधी,
मग दोन डावीकडे, दोन उजवीकडे, पुन्हा डावीकडे.
उभ्या संपल्या की फ्रेम बुटकी होते,
कुशींतून फुगते.
नुसत्या डोळ्यांना नाही दिसत, पट्टी ठेवा, दिसेल.
आडव्या तिला आत घेतात, परत उंच करतात,
एकेक पौंड जास्तीच्या ओढीने.
मधला वेळ वाईट.
"उभ्या झायात नि आडव्या बाकी शेतस,
तव्हय चहा बी पेवाना नही."

अकरावीत, जिल्ह्याच्या स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी
मी स्टुलावर बसले होते.
पिवळी तार, तेवीस पौंड.
नवव्या आडवीला फोन वाजला.
धुळ्याहून, सिव्हिलमधून.
मुनीर, धाकटा भाऊ,
पारोळ्याच्या पुढे मोटारसायकलवरून.

ते फोनकडे पाहत राहिले, मग रॅकेटकडे.
बारा आडव्या बाकी. फार तर वीस मिनिटं.
मला वाटलं, पुरी करतील.
मग वाटलं, टाकून पळतील.
त्यांनी कातर घेतली.

मधून. मग चारी बाजूंना थोडं थोडं.
हात थरथरत होता
तरी एकाच बाजूला कापत नव्हता.
सहाही स्क्रू सोडले,
रिकामी फ्रेम माझ्या मांडीवर ठेवली,
"मोकळी लई जाय, माय,"
आणि अर्ध्या शटरखालून वाकून गेले.

उसन्या रॅकेटने मी दुसऱ्याच फेरीत हरले.
दिवाळीपर्यंत त्या रस्त्याने गेले नाही.
मुनीर वाचला. डावा पाय दोन बोटं आखूड.
तो आता दुकानात शिवणकामाला बसतो,
मला ओळखतो, सायकल लावायला जागा देतो.

फ्रेम अजून माझ्याकडे आहे.
मुलगी तिच्यानेच खेळते,
तार गफूरभाईंचीच.
त्या दिवशीच्या तारेचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत,
मीही कधी विचारलं नाही.

फक्त एक राहिलंय.
ते पिवळे तुकडे कापसात उडाले होते,
बोटभर, नखभर, ढिगाच्या आतपर्यंत.
मी गुडघ्यांवर बसून दिसले तेवढे वेचले,
शटरखालून येणाऱ्या उजेडात.
सगळे नसतील मिळाले.
गावात कुणाच्या तरी गादीत
एखादा अजून टोचत असेल.